नमुन्यादाखल बायको

सावधानराव हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण चिकटलं ते असं चिकटलं की खरं नाव सांगायच्या आधी त्यांची आईसुद्धा जरा थांबायची. पाणीखात्यात लोकांचे मीटर वाचता वाचता ते रिटायर झाले. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभं राहून आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवायची सवय. ती काय पेन्शन लागली म्हणून सुटते? मग त्यांनी जगाला सावध करायचं काम अंगावर घेतलं. कोणी दिलं नव्हतं हो, आपणहून घेतलं.

विषय एकच. तुमचं ओळखपत्र चोरून तुमच्या नावावर दुसराच कोणी कर्ज काढतो, त्याच्यापासून वाचायचं कसं. जिथे चार खुर्च्या आणि एक पंखा असेल तिथे हे हजर. हातात पडद्याची जुनी दांडी, तिच्या टोकाला लाल नेलपॉलिश. तेही बायकोच्या पार्लरमधलं, न विचारता उचललेलं. आवाज तर असा, की व्याख्यान सुरू झालं की हॉलमधल्या पाली पोराबाळांसकट शेजारच्या इमारतीत राहायला जायच्या.

स्वतःचं ओळखपत्र त्यांनी मोज्यात ठेवलं होतं. मोजा बुटात, बूट खोक्यात, खोकं पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप. आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरून गेलेले. कधी लागलं की घरभर शोधायचे आणि शेवटी आईला हाक मारायचे.

"साखरेच्या डब्याखाली," आई, म्हणजे बायकोच्या सासूबाई, पेपरातून मान वर न करता सांगायच्या. "तुलाच सापडत नाही. चोराला केव्हाच सापडली असती."

या घरात त्यांची बायको, पार्लरवाली, नांदत होती. पार्लर तिचं नव्हतं, नुसती एक खुर्ची भाड्याने घेतलेली. खालचं पेडल दाबलं की वर जायची आणि गिऱ्हाईक जरा वजनदार असलं की आपोआप खाली यायची, अशी ती खुर्ची. पार्लर होतं मोठ्या बाईंचं. मोठ्या बाईंचे गुडघे आता उभं राहू देत नव्हते, त्यांना लेकीकडे जाऊन राहायचं होतं.

"तुझ्याच हातात द्यायचंय गं," एक दिवस कात्र्या पुसता पुसता त्या म्हणाल्या. "पण महिनाअखेरीपर्यंत काय ते सांग. तो मोबाइलची कव्हरं विकणारा रोज टेप घेऊन येतो बघ मेला."

येत होता खरा. एका बाईच्या डोक्यावर शॅम्पूचा फेस होता तेव्हा त्याने तिच्या डोक्यावरून टेप ताणून भिंत मोजली होती. "सॉरी मॅडम, मान जरा खाली," असंही म्हणाला होता.

पार्लरवालीने हिशोब केला. तिच्याजवळचे पैसे आणि बँकेचं थोडं कर्ज, एवढ्यात जमत होतं. तिने आजवर कोणाकडून सुईसुद्धा उधार घेतली नव्हती. तेव्हा बँक काय, दारात उभी राहून वाट बघत असेल, असं तिला वाटलं. ती धुतलेली साडी नेसून, केस नीट बांधून गेली.

बँकेतली अधिकारी म्हणजे पोरगेलीच मुलगी, पण चेहरा असा की हसू लॉकरमध्ये ठेवून आली असावी. तिने कॉम्प्युटरवर बघितलं, मग पार्लरवालीकडे बघितलं, मग परत कॉम्प्युटरवर.

"तुमच्यावर आधीच कर्ज आहे. हप्ते थकलेत."

"माझ्यावर? कसलं?"

"दोन मोटारसायकली. आणि एक अंग चेपून देणारी खुर्ची."

"अहो, मला साधी सायकल येत नाही! आणि अंग चेपायची खुर्ची माझ्याकडे असती तर मी कशाला इथे आले असते? तिच्यातच बसले असते की!"

मुलगी हसली नाही, पण लॉकर जरासं किलकिलं झालं. तिने स्क्रीन फिरवला. कर्ज देणाऱ्या कंपनीकडे आलेलं ओळखपत्र. फोटो पार्लरवालीचा, नंबर तिचा, जन्मतारीख तिची, पत्ता तिचा. फोन नंबर तेवढा भलत्याचाच. आणि कार्डावर डावीकडून एक तिरकी काठी घुसलेली. काठीच्या टोकाला लाल नेलपॉलिश.

ती लाल छटा अख्ख्या गावात फक्त एका बाटलीत होती. वांग्याच्या भरतात कुंकू सांडावं तसला रंग. कोणी घेईना म्हणून फडताळात मागे पडलेली बाटली. पार्लरवालीने काठीवरून नजर वर नेली, तर कोपऱ्यात एक सावली. बोट वर करून जगाला सावध करणारा हात.

"असला फोटो बघून कंपनीने कर्ज दिलं?" तिने विचारलं. "काठीसकट?"

"त्यांना काठीचं काही वाटलेलं दिसत नाही," मुलगी कोरडेपणाने म्हणाली.

मग तिने नीट समजावून सांगितलं. पोलिसात तक्रार करा. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीला कळवा, हे कर्ज माझं नाही म्हणून. आणि आपल्या नोंदीला कुलूप घालून टाका, म्हणजे तुम्ही स्वतः उघडल्याशिवाय तुमच्या नावावर कोणाला दमडी मिळणार नाही. "पण कंपनी म्हणणार, कार्ड तुम्हीच कोणाला तरी दिलं असेल. ज्याने हे चारचौघांत दाखवलं त्याने तसं लिहून दिलं, तर तुमचं काम पटकन होईल. नाहीतर मग सरकत सरकत होईल. वर्षसुद्धा जाईल."

"वर्षभरात तिथे मोबाइलची कव्हरं लटकतील."

"काय?"

"काही नाही. हे कुलूप-बिलूप आम्हाला आधी कोणी सांगायचं?"

"तुमच्याच भागात एक तज्ज्ञ आहेत ना? त्यांचं पत्रक आमच्या बोर्डावर लागलंय. सावधानराव म्हणून."

पार्लरवालीने पिशवी उचलली आणि तडक घर गाठलं.

घरी सावधानराव आरशासमोर दांडी फिरवायचा सराव करत होते. मोठ्या हॉलमध्ये मोठं व्याख्यान ठरलेलं, शेवटी सन्मानचिन्ह मिळणार होतं.

"अहो, तुम्ही भाषणात माझं कार्ड दाखवलंत?"

"हो. नमुन्यादाखल."

"पडद्यावर? एवढं मोठं?"

"बेडशीटएवढं," ते अभिमानाने म्हणाले. "लोकांना कळायला नको, कार्डावर कुठल्या गोष्टी जपायच्या असतात? नंबर कुठे असतो, जन्मतारीख कुठे असते..."

"आणि मागच्या रांगेला दिसलं नसेल," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

"नव्हतंच दिसत. म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. काय प्रतिसाद होता, आई! लोक लिहून घेत होते!"

पार्लरवाली खाली बसली. "मग स्वतःचं का नाही दाखवलंत?"

सावधानरावांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं मीटर उलटा बसवणाऱ्याकडे बघायचे. "अगं, वेडी आहेस का? स्वतःचं कार्ड असं कोणी चारचौघांत दाखवतं का? केवढा धोका असतो त्यात!"



पार्लरवालीने मोटारसायकली सांगितल्या, अंग चेपायची खुर्ची सांगितली, मोठ्या बाई सांगितल्या. "तुम्ही फक्त लिहून द्या, की मी हे दाखवलं होतं. एवढ्या दोन ओळींनी माझं पार्लर वाचतं."

"असं कसं लिहून देऊ? माझ्या नावाला बट्टा लागेल! तू सांग ना, पर्स हरवली होती म्हणून."

"म्हणजे मी वेंधळी?"

"तुला काय फरक पडतो? तुला कोण ओळखतं?"

हे मात्र तिला लागलं. त्या खुर्चीपाशी उभं राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या, गावातल्या निम्म्या बायका आरशात तिच्या हातून बऱ्या दिसायला शिकल्या होत्या, आणि म्हणे तुला कोण ओळखतं.

"ओळखतात की," ती म्हणाली. "दोन मोटारसायकलवाले ओळखतात."

त्या संध्याकाळी सावधानरावांनी भाषणाचा व्हिडिओ, जो त्यांनी स्वतःच सगळ्या जगाला दाखवायला इंटरनेटवर चढवला होता, तो गुपचूप उडवून टाकला. सावधगिरी म्हणून. पुरावा गेला आणि यांना शांत झोप लागली. घोरणं असं, की समोरच्या घरातल्या कपबश्या नाचत नाचत टेबलाच्या कडेपर्यंत आल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई केस धुवायला पार्लरमध्ये आल्या. मान मागे बेसिनमध्ये, डोळे मिटलेले, आणि तोंड चालू.

"मी याला लहानपणी फार लाडावून ठेवला. नळ चालू ठेवला तरी म्हणायचे, बघा कसा पाण्याचा अभ्यास करतोय." मग एक डोळा उघडून, "सूनबाई, मोठ्या भाषणाला ती बँकेतली पोरगी येईल का गं? प्रमुख पाहुणी म्हणून?"

"विचारते. पण कशाला?"

"किल्ली साखरेच्या डब्याखाली असते," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. "मी काही म्हटलं नाही हं. जरा कोमट कर पाणी."

पार्लरवालीचा हात केसांत थांबला. मग ती अशी हसली की शेजारच्या खुर्चीतल्या बाईने ड्रायर बंद करून विचारलं, काय झालं.

पेटी उघडली. खोकं, बूट, मोजा. मोज्यातून ओळखपत्र निघालं. फोटोतले सावधानराव सर्दी झालेल्या घुबडासारखे दिसत होते. पार्लरवालीने केस रंगवताना लावायच्या चांदीच्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि एकेक चिकटवली: एक नंबरावर, एक जन्मतारखेवर, एक पत्त्यावर, एक सहीवर. उरलं फक्त घुबड. तेवढ्याचा फोटो काढला, आणि कार्ड परत मोज्यात.

"बँकेच्या अधिकारी येणारेत तुमच्या भाषणाला," तिने जेवताना सांगितलं.

"बघ!" सावधानरावांची छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण उडून आमटीत पडलं. "कामाची दखल घ्यावी लागते लोकांना!"

"लॅपटॉपवरची चित्रं मी पुढे सरकवते त्या दिवशी. तुम्ही नुसती दांडी फिरवा. रुबाबदार दिसेल."

"आता कुठे तुला अक्कल आली," ते म्हणाले. सासूबाईंना ठसका लागला.

हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत बँकेतली मुलगी, तिच्या शेजारी सासूबाई. सावधानराव पांढऱ्या कडक इस्त्रीत, दांडी हातात. सुरुवातच त्यांनी अशी केली की मागच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. कोणावर विश्वास ठेवू नका. घरच्यांवरही ठेवू नका. जे महत्त्वाचं वाटेल ते फोनवर रेकॉर्ड करा, घरी जाऊन पुन्हा ऐका. लोकांनी आज्ञाधारकपणे फोन वर केले.

"आता आपण एक ओळखपत्र बघू," ते म्हणाले. "नमुन्यादाखल."

पार्लरवालीने बटण दाबलं.

पडद्यावर बेडशीटएवढं घुबड आलं.

आता, चष्मा लावून शांतपणे बघितलं असतं तर दिसलं असतं, की सगळ्या आकड्यांवर चांदीच्या पट्ट्या आहेत. पण शांतपणे बघणं हे सावधानरावांच्या व्याख्यानात होतं, स्वभावात नव्हतं. त्यांनी दांडी फेकली आणि दोन्ही हात पसरून पडद्यासमोर उडी मारली. झालं काय, ते सगळं चित्र त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आलं. पोटावर घुबडाचं नाक, खांद्यांवर कान. ते जितके हात पसरायचे तितका फोटो ऐसपैस दिसायचा.

"बंद कर! अगं बंद कर ते! ते खरं कार्ड आहे!"

"मग माझं खोटं होतं का?" पार्लरवालीने लॅपटॉपमागून विचारलं. आवाज न चढवता.

"तुझं नमुन्यादाखल होतं! तुझं मी वाचनालयात दाखवलं, नंबर वाचला, जन्मतारीख वाचली, तेव्हा गोष्ट वेगळी होती! हे माझं आहे!"

हॉलमध्ये कोणाची तरी खुर्ची करकरली.

"काय म्हणालास?" सासूबाईंनी पहिल्या रांगेतून कानाला हात लावला. "मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल रे."

मागच्या रांगेचं नाव काढलं की सावधानरावांचं डोकं बंद पडायचं आणि पाणीखातं चालू व्हायचं. त्यांनी गळा साफ केला आणि एकेक शब्द सुटा करून, खणखणीत, पुन्हा सगळं सांगितलं: कोणाचं कार्ड, कुठल्या हॉलमध्ये, नंबर किती वेळा वाचला. रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने म्हणे, कोणीतरी मोठं गेल्याची घोषणा समजून, शटर अर्धं ओढून हात जोडले. आणि हॉलभर लोकांचे फोन वर होते. महत्त्वाचं वाटत होतं ना सगळ्यांना.

शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मग त्यांना कळलं. हात हळूहळू खाली आले. घुबड परत पडद्यावर गेलं.

बँकेतली मुलगी उठली. तिने एक कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "आता जे बोललात तेवढंच लिहा. जास्त नको, कमी नको. आणि पडद्याकडे एकदा बघून घ्या, त्यावर तुमचा एकही आकडा नाही. कार्ड दाखवायचंच असेल तर असं झाकून दाखवायचं असतं."

"मी विचार करून..."

"साहेब," मागून एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. "एक शंका. त्याच्या आधीच्या व्याख्यानात एक कार्ड दाखवलं होतंत. जाड भिंगाचा चष्मा, अंबाडा. ते कोणाचं?"

सगळा हॉल हळूहळू वळला. पहिल्या रांगेत जाड भिंगाचा चष्मा आणि अंबाडा बसले होते.

सासूबाई खुर्चीतून ताडकन उठल्या. "माझं?" त्या म्हणाल्या. "पोटच्या आईचं?"

"आई, तुला या वयात कोण कर्ज देणार!"

"कागद धर," सासूबाई म्हणाल्या. "धर कागद, मेल्या, आणि दोन्ही लिही!"

लिहिलं त्यांनी. आईच्या डोळ्यांसमोर, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, सहीसकट. सन्मानचिन्ह देणारे मागच्या दाराने सन्मानचिन्ह घेऊन निघून गेले.

सासूबाईंच्या नावावर पुढे काय निघालं म्हणता? व्यायामशाळा. कोणीतरी त्यांच्या नावावर कर्ज काढून वजनं उचलत होता. "माझ्या पैशाने दंड फुगवतोय," त्या पुढे कित्येक दिवस म्हणत होत्या आणि रस्त्यात कोणी धिप्पाड माणूस दिसला की संशयाने बघत होत्या.

तो कागद आणि लोकांच्या फोनमधला तो खणखणीत आवाज, एवढं कंपनीला पुरलं. मोटारसायकली आणि खुर्ची पार्लरवालीच्या नावावरून उतरली, व्यायामशाळा सासूबाईंच्या. चोर मात्र सापडला नाही. असेल कुठेतरी, अंग चेपून घेत. महिनाअखेर उलटून गेली होती, पण मोठ्या बाईही काही कच्च्या नव्हत्या. कव्हरवाला टेप घेऊन आला, तसं त्याला प्रेमाने खुर्चीत बसवलं, त्याचे डाव्या बाजूचे केस कापले, आणि म्हणाल्या, "उजवी बाजू पुढच्या महिन्यात." तो बिचारा टोपी घालून घरात बसला.

पार्लर पार्लरवालीचं झालं. कर्जाच्या नोंदीला कुलूप लागलं. कोणाला ओळखपत्राची नक्कल द्यायची वेळ आली, तर ती त्या नकलेवरच आडवं लिहायला लागली, कशासाठी दिली, कोणाला दिली. अधूनमधून बँकेत जाऊन आपली नोंदही बघून यायची. त्या मुलीचे केसही आता तीच कापते.

सावधानरावांना बोलावणारं कोणी उरलं नाही. दांडीवर परत पडदा चढला. एके सकाळी ते केस वाढलेले, पडेल चेहरा घेऊन पार्लरच्या दारात आले. सासूबाई ड्रायरखाली बसल्या होत्या.

"जरा केस कापून देतेस?"

"देते की. घरच्यांना पैसे नाहीत," पार्लरवालीने टॉवेल झटकला. "ओळखपत्र?"

"अगं, मी तुझा नवरा!"

"असं कोणीही येऊन सांगेल. तुम्हीच शिकवलंत ना, घरच्यांवरही विश्वास ठेवू नका." तिने ड्रायरकडे मान वळवली. "सासूबाई, यांना ओळखता का हो?"

सासूबाईंनी जाड भिंगाचा चष्मा लावला. सावधानरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "पण एक घुबड होतं, त्याच्यासारखे दिसतात थोडे."

"आई!"

"पूर्ण पैसे घे गं त्याच्याकडून," सासूबाई म्हणाल्या आणि परत ड्रायरखाली शिरल्या.